टेबलावरचे गाव

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. हसलात ना? हसा, मला सवय आहे. एखादा माणूस विचित्र वागला की लोक म्हणतात, "काय नमुना आहे!" मी तसलाही थोडाफार असेन, पण मुळात मी एका गावाचा लाकडी नमुना आहे. नगरपालिकेच्या दालनात, जिन्याजवळच्या मोठ्या टेबलावर अख्खे गाव मांडलेले आहे, तोच मी. माझ्यात नदी आहे, पूल आहे, बाजार आहे, घड्याळाचा मनोरा आहे आणि चढावर एकमेकांच्या खांद्यावरून डोकावणारी घरे आहेत. मला शेकडो खिडक्या आहेत आणि तोंड मात्र एकही नाही. त्यामुळे बघण्याची सवय भरपूर, बोलण्याची मुळीच नाही. काय सांगावे आणि काय गाळावे हे मला अजून नीट कळत नाही. कुठे गोंधळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म झाला तो एका फजितीतून. ही गोष्ट माझ्या जन्माआधीची, म्हणून ऐकीव आहे. पण दालनात ती इतक्या वेळा सांगितली गेली की खरीच असावी. गावाजवळून नवा हमरस्ता गेला आणि गाव बाजूला पडले. पूर्वी येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ असे. आता बाहेरचा माणूस आलाच तर पंक्चर काढायला. दुकानदार माश्या मारत बसू लागले. तेव्हा नव्याने निवडून आलेल्या अध्यक्षबाईंनी मनावर घेतले. त्या पूर्वी शिवणकामाचा वर्ग चालवत, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना कापडासारखी दिसे. "गाव चांगलंय हो आपलं," त्या म्हणाल्या, "पण घडी घालून कपाटात ठेवलंय. दिसणार कुणाला?"

म्हणून हमरस्त्याच्या फाट्यावर भला मोठा फलक लावला: 'आमच्या गावात आपले मनःपूर्वक स्वागत.' फलक देखणा होता. फक्त उभा करणाऱ्यांनी त्याचे तोंड उलटे फिरवले. गावात येणाऱ्याला त्याची पाठ दिसे, आणि गाव सोडून जाणाऱ्याचे मात्र मनःपूर्वक स्वागत होई.

फलक फिरवून घेतला, पण हसे झाले ते झालेच. तेवढ्यात बातमी आली की एका सहल कंपनीचे लोक गाव बघायला येणार आहेत. त्यांच्या गाड्या रोज हमरस्त्याने जात. गाव पसंत पडले तर त्या आत वळणार होत्या, नाही तर तशाच पुढे. अध्यक्षबाईंनी ठरवले की पाहुण्यांना एका नजरेत सगळे गाव दिसले पाहिजे. आणि अशा रीतीने मी सुतारकाकांच्या हाती सोपवला गेलो.

सुतारकाका तोंडाचे फटकळ आणि हाताचे हळवे. एकेका घराला ते तळहातावर घेऊन फुंकर मारत. मला घडवताना त्यांनी एक गोष्ट वेगळी केली. त्यांनी घरे फळीवर चिकटवली नाहीत. प्रत्येक घराच्या बुडाला बारीक खुंटी ठेवली आणि फळीला तेवढेच भोक पाडले. घर ठेवावे, उचलावे, पुन्हा ठेवावे.

नगरपालिकेच्या इंजिनियरसाहेबांना हे पटेना. ते तरुण होते, मनाने चांगले होते आणि सरळ रेषेवर त्यांचे फार प्रेम होते. "काका, अशाने घरं हलतील," ते म्हणाले.

"हलू देत की. गाव आहे ते, फोटो नव्हे. आणि चिकटवायच्या सरसाच्या वासानं मला शिंका येतात, त्या काय तुम्ही वाटून घेणार?"

तर माझ्या नशिबाची सगळी गंमत ही काकांच्या नाकामुळे झाली असे म्हणायला हरकत नाही. छपरे सुतारकाकूंनी रंगवली. स्वतःच्या माहेरच्या घराला त्यांनी जरा जास्तच लाल रंग दिला. काकांनी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखे केले.

इंजिनियरसाहेबांनी दिलेला नकाशा आजच्या गावाचा नव्हता, उद्याच्या गावाचा होता. नदीकाठचे सुशोभन त्यांनी स्वतः आखले होते. पुलापासून थेट वळणापर्यंत दिव्यांची एक लांब, ताठ रांग. काकांनी काळ्या तारेच्या काड्यांचे खांब करून ते हुबेहूब उभे केले. मला ते फार आवडले. मी स्वतःला छान समजू लागलो. खरे सांगायचे तर थोडा फुगलोच.

मग मला दालनात आणले, वर काचेची पेटी घातली आणि शेजारी पाटी लावली: 'हात लावू नये'. पहिले काही दिवस नुसती झुंबड! काचेवर नाके चपटी करून लोक आपापले घर शोधत.

"ते बघ आपलं घर!"

"एवढंसं? मग झाडायला इतका वेळ कसा लागतो तुला?"

"तू एकदा झाडून बघ, म्हणजे कळेल."

पण घर सापडले की माणूस निघून जाई. एकदा सापडलेले घर दुसऱ्यांदा शोधायला कोण येणार? हळूहळू काचेवर धूळ बसली. शिपाईदादा ती बाहेरून पुसत आणि माझ्याकडे न बघता पुढे जात. दालनातल्या पंख्याखाली एक आजोबा रोज येऊन बसत. घरी त्यांना सून झोपू देत नसे, असे ते म्हणत. सगळे त्यांना पंखेवाले आजोबा म्हणत. कित्येक दिवस तेवढीच माझी सोबत.

त्या काळात नदीकाठच्या कामावर हरकती ऐकायला एक जाहीर सभाही झाली. ती कामाच्या दिवशी, ऐन सकाळी ठेवलेली. सभेला इंजिनियरसाहेब होते, शिपाईदादा होते आणि पंखेवाले आजोबा होते. इंजिनियरसाहेबांनी विचारले, "कुणाची हरकत?" आजोबांनी झोपेत मान हलवली. पाहुणे येऊन गेले की काम सुरू करायचे ठरले.

मग एके दिवशी छत्रीमावशी जिना चढून आली. शिपाईदादांची दुरुस्त केलेली छत्री द्यायला आली होती. पुलाच्या तोंडाशी तिची लाकडी टपरी होती. नवरा गेल्यापासून तिचे आणि तिच्या भाचीचे घर त्या टपरीवर चालत होते. मावशीची जीभ कात्रीसारखी, पण काम असे की मोडलेली छत्री नव्याहून ताठ उभी राही.

छत्री देता देता ती माझ्यावर वाकली. "हा पूल," ती पुटपुटली. "हा न्हाव्याचा कट्टा. हे पिठाच्या गिरणीचं छप्पर. आणि मी कुठंय?"

"मावशी, यात माणसं नाही दाखवली," शिपाईदादा म्हणाले.

"माणूस नको रे मेल्या. टपरी कुठंय माझी?"

तेवढ्यात इंजिनियरसाहेब बाहेर आले. त्यांनी समजावले, "मावशी, हा पुढचा आराखडा आहे. तिथे दिवे लागणार आहेत. गाव सुंदर दिसेल. पाहुणे येतील."

"आणि मी? दिवा धरून उभी राहू?"

"तुम्हाला बाजाराच्या मागे जागा देऊ ना आम्ही."

"बाजाराच्या मागं वारा आहे का?" मावशीने कमरेवर हात ठेवले. "साहेब, पुलावरचा वारा छत्र्या उलट्या करतो, म्हणून मी पुलाशी बसते. बाजारामागं जाऊन काय गिऱ्हाइकांच्या छत्र्या मी स्वतः मोडू?"

इंजिनियरसाहेबांनी दिव्यांच्या रांगेकडे पाहिले. ते "बघू" म्हणाले. 'बघू' या शब्दाचा अर्थ नगरपालिकेत काय होतो, हे मला तोवर कळू लागले होते. मावशीलाही ते ठाऊक असावे. जाताना तिचा चेहरा उतरला होता. मी काचेआड. काय करणार? माझ्या खुंट्या तेवढ्या सैल झाल्यासारख्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मुठीत एक चिमुकली टपरी होती. काड्यापेटीच्या लाकडाच्या भिंती, छत्रीच्या काळ्या कापडाचे छप्पर, आणि पुढे बोटाएवढी फळी.

"काच उघड," ती शिपाईदादांना म्हणाली.

"मावशी, पाटी वाचा. हात लावू नये."

"मी कुठं हात लावतेय? टपरी ठेवतेय."

शिपाईदादांची छत्री तिने फुकटात शिवली होती, त्यामुळे त्यांचे फार चालले नाही. काच उचलली गेली. किती दिवसांनी मला मोकळी हवा लागली! मावशीने पुलाजवळचा पहिला दिवा चिमटीत धरून उपटला आणि एकदम थबकली. तो डोळ्यांजवळ नेऊन ती मोठ्याने हसली. "अरे, ही तर माझ्या छत्रीची काडी! सुतारानं मोडक्या छत्र्यांच्या काड्या मागून नेल्या त्या ह्याच्यासाठी होय? माझ्याच काड्यांनी मला हाकलताय?" मग तिने दिव्याच्या भोकात टपरीची खुंटी बसवली. चपखल बसली. बसणारच, तीही तसल्याच काडीची होती.

संध्याकाळी इंजिनियरसाहेबांना टपरी दिसली. त्यांनी ती हळूच काढून खिडकीत ठेवली आणि दिवा परत लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा खिडकीत आणि टपरी जागेवर. संध्याकाळी पुन्हा दिवा. दोघेही एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. मला मात्र सारख्या गुदगुल्या होत.

ही बातमी गावभर झाली. लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. "आज काय आहे, टपरी की दिवा?" दाढीला साबण लावलेल्या गिऱ्हाइकाला तसेच बसवून न्हावी येऊन बघून जाई. आणि एकदा आलेली माणसे नुसती बघून थांबतात थोडीच? न्हाव्याने पाहिले की त्याच्या कट्ट्यावरचे झाड मला नाहीच. त्याने दुसऱ्या दिवशी एक डहाळी आणून खोवली. बाबागाडी ढकलत आलेल्या एका आईने बाजाराच्या पायऱ्यांशेजारी पुठ्ठ्याचा उतार लावला. "रोज चार जणांना हाका मारते मी, गाडी उचला म्हणून," ती म्हणाली. शेजारची दोन माणसे वर्षानुवर्षे एका भिंतीवरून भांडत. ती माझ्यावर वाकून पुन्हा भांडली आणि शेवटी दोघांनी मिळून भिंत अंगठ्याएवढी सरकवली. सुतारकाका गिरमिट घेऊन टेबलापाशीच बसले आणि मागेल त्याला भोक पाडून देऊ लागले.

आवाज ऐकून अध्यक्षबाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या. दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. "सभा बोलावली होती तेव्हा कुठे होतात सगळे?" त्यांनी विचारले.

न्हावी म्हणाला, "सभेत उभं राहून बोलायचं असतं, बाई. पाय लटपटतात. इथं काय, नुसतं ठेवायचं."

अध्यक्षबाई माझ्यावर वाकून एकेक वस्तू बघत गेल्या. मग त्यांनी पाटी काढून शिपाईदादांच्या हातात दिली. "ज्याला जे हवं ते करून आणा," त्या म्हणाल्या. "अट एकच. ठेवताना कशासाठी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं."

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसे घरी जाण्याआधी माझ्याकडे येत. कोणी बाक आणला, कोणी पाणपोई. एका गृहस्थाने निळे कापड आणून चक्क समुद्र पसरला. "समुद्र कसा होईल हो?" इंजिनियरसाहेबांनी विचारले. "होणार नाही, ठाऊक आहे," तो म्हणाला, "पण मला हवाय एवढं तरी कळू दे." तो समुद्रही राहिला. आणि इंजिनियरसाहेब? ते आधी लांब उभे राहत. मग दोरा घेऊन अंतरे मोजून देऊ लागले. पुढे त्यांना कोणी घरी जा म्हटले तरी ते जात नसत. टपरीला मात्र ते आता हात लावत नव्हते. काढतही नव्हते आणि राहू द्या असेही म्हणत नव्हते. आराखडा मंजूर झालेला होता.

आणि पाहुणे उद्यावर आले.

आदल्या दुपारी अध्यक्षबाईंनी मला नीट पाहिले आणि त्यांचा धीर सुटला. डहाळी वाळलेली, समुद्राला सुरकुत्या, पाणपोई एका बाजूला कललेली. "कपड्याची उलटी बाजू पाहुण्यांना दाखवत नाहीत," त्या म्हणाल्या. "एका दिवसापुरतं सगळं काढून ठेवा." सगळ्यांच्या वस्तू एका टोपलीत गेल्या. टपरीही गेली. दिवा परत लागला, काच परत आली.

मावशी तिथेच उभी होती. "एका दिवसापुरतं काढलेलं पुन्हा बसतं का, बाई?" तिने विचारले. अध्यक्षबाईंनी टोपलीवर कापड टाकले.

पाहुणे भुरभुर पावसात छत्र्या घेऊन आले. सहल कंपनीच्या एक बाई आणि त्यांचे दोन सोबती. गावकरी भिंतीशी ओळीने उभे, फोटोला उभे राहावे तसे. इंजिनियरसाहेब छडीने एकेक ठिकाण दाखवू लागले. एका सोबत्याने जांभई दाबली. दुसऱ्याने घड्याळ पाहिले. मला वाटले, संपले. दोष माझाच, मीच कंटाळवाणा आहे.

एवढ्यात पाहुण्याबाई काचेवर वाकल्या. "ही भोकं कसली? वाळवी लागलीय का?"

टोपलीतल्या वस्तूंची ती रिकामी भोके होती, आणि ती माझ्या अंगभर होती. मी लाजेने अर्धा झालो.

"वाळवी नाही हो," मागून न्हावी म्हणाला. "ते आम्ही."

आधी मावशी हसली. मग बाबागाडीवाली आई, मग पंखेवाले आजोबासुद्धा. पाहुण्याबाईंना काही कळेना. अध्यक्षबाईंनी एक क्षण डोळे मिटले, मग पुढे होऊन स्वतःच्या हातांनी काच उचलली. "टोपली आणा," त्या म्हणाल्या.

मग काय विचारता! सगळे एकाच वेळी बोलू लागले. हे इथे का, ते तिथे कशाला, भिंत कशी सरकली, समुद्र कोणाचा. जांभई देणारा पाहुणा तर भिंतीच्या भांडणात पंच होऊन बसला. शेवटी मावशीने टपरी हातात घेतली आणि वाऱ्याची गोष्ट सांगितली.

"वारा छत्र्या उलट्या करतो? प्रत्येकाची?" पाहुण्याबाईंनी विचारले.

"पुलावरून छत्री सरळ नेऊन दाखवा, मी आयुष्यभर तुमच्या छत्र्या फुकट शिवीन."

"चला, दाखवतेच!" म्हणत पाहुण्याबाई निघाल्या. त्यांच्यामागे सगळे दालन जिना उतरले. टपरी मावशीच्या मुठीतच गेली. राहिलो मी आणि पंखेवाले आजोबा.

तो वेळ मला फार मोठा वाटला. खिडकीतून लांबवर आरडाओरडा ऐकू येई. हसणे की भांडण, ते कळत नव्हते. माझ्या पुलाशी तो एकटा दिवा ताठ उभा होता, आणि तो मला आता मुळीच आवडत नव्हता.

अखेर शिपाईदादा धापा टाकत वर आले. "आजोबा, काय मजा चुकवलीत तुम्ही! तिघांच्या तिन्ही छत्र्या उलट्या! त्या बाई तर छत्रीमागं पळत अर्ध्या पुलापर्यंत गेल्या. मग आपले इंजिनियरसाहेब म्हणाले, हा कोनाचा प्रश्न आहे, छत्री तिरपी धरली की झालं. धरली तिरपी. छत्री गेली नदीत! साहेब स्वतःच इतके हसले की कठड्याला धरून खाली बसले. मावशी टपरीतनं जुन्या छत्र्या देतेय, गाव रांग लावून पूल ओलांडतंय, आणि पाहुणे म्हणतायत अजून एकदा, अजून एकदा!"

दिवस मावळायच्या आत सगळे परतले. केस विस्कटलेले, चेहरे लाल. पाहुण्याबाई म्हणाल्या, "आमचे प्रवासी सगळीकडे बघतात आणि गाडीत येऊन झोपतात. इथे झोपणार नाहीत." मग पर्समधल्या चॉकलेटच्या कागदाची घडी घालून त्यांनी एक छोटी गाडी केली. "मीही ठेवू का? पण सांगून ठेवायचं, नाही का?" त्या थोड्या लाजल्या. "ही आमची गाडी. इथे थांबेल. पुलाशी, टपरीसमोर."

सगळ्यांचे डोळे त्या जागेकडे वळले. तिथे टपरी नव्हती, दिवा होता. इंजिनियरसाहेब पुढे आले. त्यांचा सदरा ओला होता आणि छत्री गेलेली होती. त्यांनी तो दिवा उपटला. मग मावशीपुढे हात पसरला आणि म्हणाले, "द्या मावशी. मी बसवतो."

"का ते मोठ्यानं सांगायचं असतं, साहेब," मावशी म्हणाली.

साहेबांनी घसा साफ केला. "कारण ही टपरी इथली आहे," ते म्हणाले. "दिव्यांची रांग तिच्यापासून पुढे सुरू करू." आणि त्यांनी खुंटी अंगठ्याने घट्ट दाबली. त्या अंगठ्याचा दाब मला अजून आठवतो. मावशीने तोंड फिरवले आणि पदराने चष्मा पुसला. फार वेळ पुसत होती.

याला आता बरीच वर्षे झाली. गाड्या वळतात, प्रवासी पुलावर छत्र्या घेऊन धावतात, माश्या मारायला कोणा दुकानदाराला सवड नाही. टपरीत भाची बसते, आणि मावशी शेजारच्या स्टुलावर बसून तिच्या प्रत्येक टाक्याला नावे ठेवते. नदीकाठी दिवे लागले आहेत, बाजाराला उतार आहे. समुद्र मात्र अजून आलेला नाही.

मी म्हातारा झालो आहे. माझे रंग उडाले, काही खुंट्या सैल झाल्या. तेव्हा एक विनंती करतो, रागावू नका. एखादे घर कलंडलेले दिसले तर सरळ करा. धूळ दिसली तर फुंकर मारा. पण मला पुन्हा काचेत ठेवू नका. आणि तुमचेही एक गाव असेल, खरे, मोठे, टेबलावर न मावणारे. त्यालाही नुसते लांबून बघू नका. आपल्याला काय हवे ते तिथे जाऊन सांगा, शेजाऱ्याला काय हवे ते ऐका, आणि त्याच्यासाठी अंगठाभर सरका. मला वाटते, गाव जपणे ते हेच. मी लाकडाचा, माझे चुकतही असेल.

पण थांबा, जिन्यावर पावले वाजताहेत. कोणीतरी ओंजळीत काहीतरी झाकून आणते आहे, आणि दारातच घुटमळते आहे. या, आत या. लाजू नका, लाजायला मी आहे. कुठे ठेवायचे ते ठरले आहे ना? मग मोठ्याने सांगा.